दारावरची विम्याची पाटी

माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा शुद्धलेखन चुकेल आणि शब्दही साधेच असतील, सांभाळून घ्या.

उत्रोलीच्या आमच्या घराचा दादांनी आगीचा विमा उतरवला होता. कंपनीनं दारावर ठोकायला पत्र्याची पाटी दिली. भोंगवलीचे पाहुणे मला मुलगी द्यायला निम्मे त्या पाटीवरच तयार झाले. ते घर बघायला यायच्या आदल्याच दिवशी विम्याची मुदत वाढवायला पुण्याहून साहेब आले. आम्ही घरामागं राब भाजत होतो. भाताचं बी टाकण्याआधी वावरात शेण-पाला जाळावाच लागतो.

साहेब खोकत ओरडले, "अहो, आग लागली!"

दादा म्हणाले, "लागली न्हाई, साहेब. आमीच लावली. दरसाली लावतो."

"घरामागं स्वतः आग लावता आणि विमा आमच्याकडं? मुदत वाढणार नाही. पाटी काढून द्या."

मी शिडी आणायला निघालो, तोच आईनं पाटीला ठसठशीत कुंकू लावलं. "आता ही देवी झाली. हात लावायचा तर बूट काढून लावा. फुडं काय झालं तर आमी जबाबदार न्हाई."

साहेब बूट न काढताच भोरच्या रस्त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे वडील दारात थबकले. "काय पावनं, विमा हाय न्हवं?"

मला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. मी पायताण काढलं आणि डोळे मिटून पाटीला हात जोडले. डोळे उघडले, तर शेजारी तेही हात जोडून उभे होते.