लाल खुंटी, निळी खुंटी

“कोणत्या थैलीत कोणतं बी हाय, ते मला सांगू नका. मन लई लबाड असतं,” असं तीस-पस्तीस वर्षांपूर्वी राजूरजवळच्या आमच्या शेतात उभं राहून जे म्हणाले होते, ते आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख आदरणीय तातेराव उगले साहेब; तसेच ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. गिरिधर देऊळगावकर सर. त्यांच्या पत्नी उमाताई. व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी. रुग्णालयातले डॉक्टर, सिस्टर, मावश्या, मामा. आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

साहेब हसले. म्हणजे वाक्य आठवलं. पुंजाराम आबांची मुलगी मी, कल्याणी. त्या दिवशी बांधावर तुम्हाला चहा आणून देणारी. आता संस्थेच्याच शाळेत मराठी शिकवते.

आयोजकांनी मला सांगितलं होतं, “मॅडम, शाळेतर्फे दोन शब्द बोला. सरांचा वक्तशीरपणा आणि साधेपणा, एवढं पुरे.” तर ते आधी बोलून घेते. सरांची ओपीडी नऊची म्हणजे नऊचीच असायची. आणि साधेपणा म्हणाल तर इतक्या वर्षांत एक स्कूटर आणि दोन शर्ट. उमाताई मान हलवताहेत, म्हणजे तीन असतील. झाले शाळेतर्फे दोन शब्द. आता यापुढे जे बोलते ते माझ्यातर्फे.

साहेबांच्या त्या वाक्याची गोष्ट आज त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नसेल. तेव्हा त्यांची कंपनी म्हणजे एक खोली आणि एक फटफटी. कपाशीचं नवं वाण त्यांनी तयार केलं होतं आणि ते घेऊन आमच्याकडे आले होते. आबांना त्यांनी सांगितलं, माझं बी आणि जुनं बी शेजारी शेजारी लावा. खत सारखं, पाणी सारखं. पण कुठल्या ओळीत काय आहे ते मला कळू देऊ नका. आबांनी मग ओळींपुढे खुंट्या ठोकल्या, काही लाल, काही निळ्या. रंगाचा अर्थ फक्त आबांना ठाऊक. आबा हसून म्हणाले, “काय साहेब, सोताचं लेकरू वळखू येत न्हाई व्हय तुमाला?”

साहेब म्हणाले, “म्हणून तर, आबा. आपलं लेकरू आपल्याला गोरंच दिसतं.”

वेचणी झाली. लाल खुंटीच्या ओळींना कापूस भरपूर, निळ्यांना जेमतेम. आबांनी सांगितलं, “निळं तुमचं हाय.” साहेबांनी ते मान्य केलं. आणि ते वाण त्यांनी बाजारात आणलं नाही. तेव्हा नाही, पुढेही नाही. या जिल्ह्यात शेतकरी साहेबांची थैली डोळे मिटून घेतो, ती जाहिरातीमुळे घेतो का? या माणसानं स्वतःच्या बियाण्याला सगळ्यांदेखत नापास केलं होतं, म्हणून घेतो.

टाळ्या वाजवल्यात, बरं वाटलं. त्या साहेबांच्याच होत्या. आता सरांकडे वळते.

सरांनी या रुग्णालयात एक अभ्यास सुरू केला होता, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण आज सकाळपासूनच्या एकाही भाषणात त्याचा उल्लेख आला नाही. कुणाच्या घरातल्या वाईट गोष्टीबद्दल पाहुण्यांसमोर बोलू नये, तसे सगळे त्याला वळसा घालून गेले. मी सरळ त्यातूनच जाणार आहे.

केटामाइन हे भूल देण्याचं जुनं औषध. आपल्याच ऑपरेशन थिएटरमध्ये ते वापरतात आणि तिथं कुणी त्याला नशा म्हणत नाही. तेच कमी मात्रेत दिलं तर मन थोडा वेळ स्वतःपासून सुटं होतं, आणि काही माणसांचं वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं नैराश्य सैल होतं, असं जगात बऱ्याच ठिकाणी दिसून आलं आहे. बाहेरच्या देशांत अळंबीतल्या द्रव्यावरही असाच शोध चालू आहे. सरांनी त्याला हात लावला नाही, कारण आपल्याकडे त्याची मोकळीक नाही. जेवढ्याला परवानगी तेवढंच, एथिक्स कमिटीच्या मान्यतेनं, हृदयाची तपासणी करून. आणि हे मुद्दाम सांगते, कारण मागे कॉलेजची मुलं बसली आहेत: बाळांनो, घरी, मित्राच्या खोलीवर, कुठूनतरी आणून असं काही करायचं नसतं. त्यात शोधही नाही आणि उपचारही नाही.

गोळ्यांनी फरक न पडलेल्या रुग्णांचे दोन गट होते. एकाला केटामाइन, दुसऱ्याला साधं गुंगी आणणारं औषध. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नाही आणि सरांनाही ठाऊक नाही. अभ्यास पूर्ण झाल्यावरच ते उघडायचं. लाल खुंटी, निळी खुंटी.

त्या रुग्णांपैकी एक मी होते.

हं. आता सभागृहात पंख्याचा आवाज येतोय. येऊ द्या. माझे यजमान तिसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांना हे ठाऊक होतं. बाकी कुणालाच नव्हतं. शाळेतल्या माझ्या मैत्रिणींना आत्ताच कळलं. उद्या काही पालक मुख्याध्यापकांकडे जातील की वेड्या बाईकडे आमचं पोर नको, तेही मी धरून चालले आहे.

माझ्या दुःखाला कारण नव्हतं, हीच त्यातली मोठी अडचण होती. कारण असलं की लोक भेटायला येतात. आमचे हे म्हणायचे, “काय कमी हाय गं? सगळं बराबर चालून राह्यलं न्हाई का?” खरंच चाललं होतं. नोकरी होती, घर होतं, स्वरा सात वर्षांची होती. स्वरा हसली की मला कळायचं, हे हसू आहे. काचेपलीकडे कुणी हसावं तसं. ते माझ्यापर्यंत पोचायचं नाही. आपल्याच लेकीचं हसू आपल्याला ऐकू येतं पण लागत नाही, हे कुणाला सांगायचं? राजूरच्या गणपतीला जाऊन आले, संभाजीनगरला दाखवून आले, एक गोळी झाली, दुसरी झाली. शेवटी सरांकडे आले आणि विचारलं, “यानं मी बरी होईन?”

सर म्हणाले, “मला माहीत नाही. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?”

बंधू-भगिनींनो, त्याआधी सगळ्यांना सगळं माहीत होतं. शेजारणीला माहीत होतं, मामेसासऱ्यांना माहीत होतं, हात बघणाऱ्याला तर फारच माहीत होतं. माहीत नाही असं म्हणणारा हा पहिला माणूस. माझा विश्वास तिथं बसला.

सरांचा एक नियम होता. औषध दिलेल्या माणसाजवळ सगळा वेळ कुणीतरी बसून राहायचं. फोन बंद. उगाच बोलायचं नाही, धीर द्यायचा नाही, फक्त असायचं. माझ्याजवळ केशरबाई सिस्टर होत्या. त्या या कामाला जागल म्हणायच्या. शेतात जागलीला गेलेला माणूस काही पीक वाढवत नाही, तो नुसता तिथं असतो. मी भीतीनं त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, “मी हिथंच हाय. तुमी जावा कुटं जायचं तिकडं. फकस्त येताना चपला इसरू नका.”

पाय अनवाणी होते माझे. तरी हसू आलं.

पुढचं शब्दांत नीट येत नाही. लहानपणी घरात कापूस भरलेल्या खोलीत उडी मारली की अंग असूनही नसल्यासारखं व्हायचं, तसं काहीतरी झालं. मी कुठंतरी वर होते आणि खाली एक बाई पडली होती. थकलेली. मला तिची फार कीव आली. आणि मग लक्षात आलं की या बाईवर मी कितीतरी वर्षं नुसती चिडत होते, कीव आज पहिल्यांदा केली. एवढंच. देव दिसला नाही, प्रकाश दिसला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी स्वरा जेवताना म्हणाली, “आई, वरणाला झोप आली, बघ, सायीचं पांघरूण घेतलंय.” आणि मी हसले. हसू आलं म्हणून हसले. आमचे हे ताटावरून उठून बाहेर गेले. पुरुष माणूस, लेकरासमोर कसा रडणार?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे केटामाइननं गुण आला. मीही तसंच म्हणाले. पळत सरांकडे गेले, सांगितलं, मला खरं औषध मिळालं होतं, नक्की! सर म्हणाले, “कदाचित. आष्टीचे एक दुकानदार आहेत, त्यांना गणपतीची अख्खी मिरवणूक दिसली. तेही नक्की म्हणतात. नुसत्या गुंगीतही माणसं पुष्कळ बघतात, मॅडम. शिवाय तुमच्याजवळ इतके तास कुणी शांतपणे बसलं, असं याआधी कधी झालं होतं?”

मला राग आला होता त्यांचा. माझं बरं होणंसुद्धा हा माणूस मला धड घेऊ देत नाही! पुढे कळलं, माझी इतकी किंमत त्यांच्याशिवाय कुणी केली नव्हती. खोट्या उत्तरावर माझी बोळवण करायची नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

चिठ्ठी आली आहे. “आटोपतं घ्या.” घेते. सूत्रसंचालकांनी मघाशी स्वतः किती वेळ चारोळ्या म्हटल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे, तेवढा वेळ मलाही द्या.

मग बसस्टँडवर बोभाटा झाला, दवाखान्यात नशेची सुई देतात म्हणून. आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा कुणीतरी म्हणालं, “जा रे तिकडं, फुकटात विमान उडवून देतात.” सगळे हसले. मी वह्या तपासत होते. लाल पेन नुसतं हातात धरून राहिले. विश्वस्तांनी सरांना बोलावलं. साहेब, त्या बैठकीत तुम्ही जे बोललात ते सरांनी आम्हा रुग्णांना जसंच्या तसं सांगितलं, कारण अभ्यास का थांबला हे कळण्याचा आमचा हक्क होता. तुम्ही म्हणालात, “डॉक्टर, निम्म्या आजारी माणसांना नुसती गुंगी देणं पाप हाय. सगळ्यांनाच खरं औषध द्या. जे बरे होतील त्यांचा सत्कार करू, पेपरात फोटो देऊ. लोकांची तोंडं बिलकुल बंद.”

सर म्हणाले, “मग त्यातून मला काय कळेल?”

तुम्ही म्हणालात, “लोक बरे होतील, बस.”

सर नाही म्हणाले आणि अभ्यास बंद झाला; कुणाला काय मिळालं ते आजही उघडलेलं नाही. निम्मे रुग्णही झाले नव्हते. जिथं ते औषध द्यायचे त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत.

साहेब, तुमच्या बोलण्यात दया होती, हे मी जाणते. पण सगळ्या ओळींना लाल खुंट्या ठोकून कोणतं वाण कळतं? कापसाच्या बाबतीत आपण जितके प्रामाणिक राहिलो तितके माणसाच्या मनाच्या बाबतीत राहायला कुणी अडवलं होतं? बसस्टँडनं? ज्या जिल्ह्यात शेतकरी नवं बी आधी चार ओळींत लावून बघतो आणि मगच शेतभर पेरतो, त्या जिल्ह्याला हे समजणार नाही, असं तुम्ही ठरवलंत. मला हा आपल्या जिल्ह्याचा अपमान वाटतो.

आणि ज्याला हे सगळं फार लांबचं वाटत असेल त्याच्यासाठी सांगते. गेल्या दिवाळीपासून ती काच परत येऊ लागली आहे. स्वरा आता मोठी आहे, तिला कळतं. ती माझ्या तोंडाकडे बघून बोलणं अर्धवट सोडते. मोठ्या शहरात पैसे मोजले तर ही सुई मिळते. पण मला गुण आला तो सुईचा होता, की केशरबाईंच्या जागलीचा, की दोन्हींचा? कुठल्या दारावर जाऊ? याचं उत्तर एकट्या माझ्या अंगात नाही. ते सगळ्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसणार आहे.

सर, तुम्हाला शाल मिळेल, श्रीफळ मिळेल. तुम्हाला हवं होतं ते मिळालं नाही. तुम्ही हरलात असं या सभागृहात कुणाला वाटत असेल, तर त्यांना मी दिसते आहे ना, एवढंच विचारते. उमाताई, तुमचा माणूस या गावानं फार वापरला. तुमचे आभार. केशरबाई, तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. शांतपणे ऐकलंत, मंडळी, तुमचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, मान चुकला असेल, तर लेक समजून पोटात घाला. जे मुद्दाम बोलले त्याची मात्र क्षमा मागत नाही.

जाता जाता एक मागणं. साहेब, माझ्यानंतर तुमचं अध्यक्षीय भाषण आहे. सरांच्या जागी डॉ. अर्पिता येताहेत. राहिलेला अभ्यास पूर्ण करायची त्यांची तयारी आहे, त्या इथंच बसल्या आहेत. त्यांना ती खोली द्या आणि उरलेले रुग्ण होऊ द्या, दोन्ही गटांत, ठरल्याप्रमाणे. शेवटी औषध नापास झालं तर याच माईकवर येऊन तसं मी सांगेन. तुम्ही नकार देणार हे मला ठाऊक आहे. काल शाळेच्या ऑफिसातून मला तसा निरोपही आला, की हा विषय काढू नका. तरी काढला. फक्त ‘बघू’ म्हणू नका, साहेब. जालन्यात ‘बघू’चा अर्थ लहान लेकरालाही कळतो. इथं, या सगळ्यांसमोर, माईकवर, हो म्हणा. न्हाई तर न्हाई म्हणा.