कोरी राहिलेली एक प्रत

नाव व पत्ता: वेगळ्या कागदावर लिहून दिले आहेत. तो कागद एकच असून त्याची झेरॉक्स काढू नये.
वय: ६९ वर्षे. शिक्षण: पदवीधर. व्यवसाय: निवृत्त, महाविद्यालयाच्या कार्यालयात दाखले व नोंदी विभागात एकतीस वर्षे.

आज दि. १२ एप्रिल रोजी सकाळी १०.४० वाजता मी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, मी वरील पत्त्यावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. माझी थोरली बहीण माझ्यासोबत राहत असे. ती गेल्या वर्षी ४ फेब्रुवारीला वारली. तेव्हापासून मी एकटी राहते. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी तिचा उल्लेख सुरुवातीला 'मयत' असा केला होता. तो मी खोडायला लावला. 'थोरली बहीण' असेच लिहावे.

ओळखपत्राची झेरॉक्स कोणालाही देताना ती कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला, हे तिच्यावर आडवे लिहून द्यायचे, असा माझा नियम आहे. ओळ फोटोवरून गेली पाहिजे. समासात लिहून उपयोग नाही, समास कापता येतो. पाकिटांवरचे पत्ते मी बारीक फाडून वेगवेगळ्या दिवशी कचऱ्यात टाकते. बहिणीच्या कागदांचेही मीच पाहत असे. ती म्हणायची, "हेडक्लार्क, एक दिवस माझ्या कपाळावरही लिहिशील, केवळ घरगुती वापरासाठी."

गेल्या वर्षीच दि. १२ फेब्रुवारीला मी तिच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी गेले. कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारे अर्ज लिहिणारे गृहस्थ मला पुष्कळ वर्षांपासून ओळखतात. अर्जाला बहिणीच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची होती. ते म्हणाले, "बाई, आज आडवी ओळ नाही?" मी म्हटले, "राहू द्या." ते म्हणाले, "तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत." मी सांगितले की पेन चालत नाही. त्यांनी स्वतःचे पेन पुढे केले. मी ते घेतले नाही. प्रत कोरीच दिली. आमच्या घरातून बाहेर गेलेली कोरी प्रत ती एकच. या गृहस्थांवर माझा संशय नाही. प्रत पुढे किती हातांतून गेली ते मला माहीत नाही.

यंदा २ एप्रिलला बहिणीच्या नावे एका फोन कंपनीचे पत्र आले. नवीन जोडणी घेतल्याबद्दल आभार आणि दहा आकडी क्रमांक असा मजकूर होता. मी सकाळी ११.१० वाजता त्या क्रमांकावर फोन लावला. बहिणीचे पूर्ण नाव घेऊन, "आहेत का?" असे विचारले. एक बाई म्हणाली, "हो, मीच बोलतेय." मी फोन ठेवला.

त्यानंतर दि. ४, ५, ७ व ९ रोजी मी त्याच क्रमांकावर फोन केला. वेळ प्रत्येक वेळी दुपारी चारची. ४ व ५ तारखेला मी काही बोलले नाही. ७ तारखेला मी पुन्हा नाव घेतले. ती "हो" म्हणाली. मी म्हटले, "ताई, चारची गोळी घेतलीस का?" थोडे थांबून ती म्हणाली, "घेतली." ९ तारखेलाही हेच बोलणे झाले. त्या वेळी ती थांबली नाही.

काल दि. ११ रोजी सकाळी नऊच्या सुमारास एक तरुण परिचारिका दारात आली. बहिणीचे नाव घेऊन ती म्हणाली, "ताईंना बाहेर बोलवा. माझे मूळ दाखले त्यांच्याकडे आहेत. मोठ्या दवाखान्यात नोकरीला लावते म्हणून घेतले, आता आज देते, उद्या देते चाललंय." पत्ता तिला त्या बाईने दाखवलेल्या ओळखपत्राच्या प्रतीवरून मिळाला होता. मी सांगितले की ताई नाही. ती म्हणाली, "काकू, त्यांना पाठीशी घालू नका. त्या परवाच म्हणाल्या, घरी येऊ नकोस, धाकटी बहीण फार कडक आहे, रोज चारला गोळीचं विचारते."

गोळीची गोष्ट त्या बाईला माझ्याशिवाय कोणाकडून कळणे शक्य नव्हते. तोवर तिच्याकडे फक्त एक नाव आणि एक पत्ता होता.

मी परिचारिकेला मृत्यूचा दाखला दाखवला. तो आणल्यापासून पाकिटातच होता. वाचून ती पायरीवर बसली. मी पाणी दिले. ती म्हणाली, "एक तारखेला नव्या जागी हजर व्हायचंय. आता दाखवू काय?" दुसरी प्रत कुठे आणि कशी मागायची, ते मी तिला लिहून दिले. ते काम मला येते. ती आज बाहेर बाकावर बसली आहे. तिचा जबाब वेगळा घ्यावा.

पत्र मिळाल्यावर लगेच का आला नाहीत, असे विचारल्यावरून सांगते की, तक्रार दिली की तो क्रमांक बंद होणार हे मला ठाऊक होते. याव्यतिरिक्त विलंबाला कारण नाही.

माझ्या बहिणीने हयातीत कोणाची टाचणीही ठेवून घेतली नाही. तिच्या नावावर आणखी कोणाचे दाखले जाऊ नयेत. क्रमांक आजच बंद करावा आणि त्या बाईचा शोध घ्यावा.

सोबत कंपनीचे पत्र, मृत्यूचा दाखला व बहिणीच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडली आहे. हवालदार म्हणाले, "बाई, कोरी देऊ नका." मी त्यांचेच पेन घेऊन फोटोवरून आडवे लिहिले: केवळ पोलीस तपासासाठी, दि. १२ एप्रिल. सदर व्यक्ती मयत आहे.

हा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. नंतर मी तो चष्मा लावून स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. वर खोडलेला शब्द खाली माझ्याच अक्षरात आहे, तो राहू द्यावा.