नवव्या कपाटाची पट्टी

अध्यक्षस्थानी बसलेले मोठे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, प्रयोगशाळेतली सगळी मंडळी, आणि ज्यांच्यासाठी ही फुलं आणली त्या आमच्या बाई,

बाई, आधी मला सांगा, माझा डबा कुठे आहे? दोन खणांचा, झाकणाला पोचा आलेला. पाकिटावरचा सहा आकडी नंबर तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो, आणि डबा मात्र दीड वर्ष आठवत नाही. असो. समारंभाची सुरुवात भांड्याकुंड्यांनी करू नये, एवढं मलाही कळतं. डब्याचं शेवटी बघू.

मी स्वतःच येणार होते, पण माझ्या गुडघ्यांनी जिन्याशी अबोला धरलाय. अक्षराशी माझी आयुष्यात ओळख झाली नाही, म्हणून मी बोलत गेले आणि नातवाने लिहून घेतलं. तोच तुमच्यासमोर वाचतो आहे. तो रंगारी आहे. वाचताना कुठे रंग जास्त चढला तर तो त्याचा हात समजावा. एक शब्दही गाळायचा नाही, अशी त्याला ताकीद आहे.

नव्या मुलामुलींना मी माहीत नसेन. जुनी मंडळी मला सोमवारच्या आजी म्हणतात. सव्वादोन वर्षं दर सोमवारी मी तुमच्या बाहेरच्या बाकावर बसत होते. कशासाठी, ते सांगते.

एका गोदामात चोरी झाली. पहारेकऱ्याचं डोकं फुटलं. ते वाचले, पण मारणाऱ्याचा चेहरा त्यांना आठवेना. मागे एक शर्ट सापडला, त्यावर रक्त आणि बाहीला हिरवा रंग. त्याच आठवड्यात गोदामाची दारं कोणी हिरवी रंगवली होती? माझ्या या नातवाने. झालं, उचलला त्याला. शर्ट माझा नाही, असं तो सांगून थकला. ओल्या दाराला टेकेल त्या प्रत्येकाच्या बाहीला तोच रंग लागणार, हे मीही सांगून पाहिलं. सगळे म्हणाले, आजी, शर्टाची तपासणी होईल, मग कळेल. आणि शर्ट आला तुमच्याकडे, पाकिटात बंद होऊन, नवव्या कपाटात.

तेव्हाची ती जागा आठवते का हो कुणाला? बोळात ओळीने अकरा कपाटं, कुलपं लावलेली. माणसाने आडवं होऊन जायचं. फ्रिजचं दार बंद राहावं म्हणून त्याला स्टूल टेकवलेलं. तपासणारी माणसं चार, यंत्र एक, आणि तेही आठवड्यातून दोन दिवस रुसलेलं. पहिल्या कपाटापासून क्रमाने पाकिटं काढायची, हा बाईंचा नियम. म्हणून तर तुम्ही सगळे त्यांना पाठीमागे रांगबाई म्हणता. बाई, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं ना? आज कळलं. आता तुम्ही निवृत्त, कुणाला रागवणार?

मला नंबर वाचता येत नाहीत, म्हणून बाईंनी एक युक्ती केली. जे कपाट चालू असेल त्याच्या मुठीला लाल कापडाची पट्टी बांधायची. सोमवारी आले की मी लांबूनच पट्टी बघायची आणि नवव्यापर्यंत कपाटं मोजायची. चौदा महिन्यांत ती पट्टी पहिल्यावरून तिसऱ्यावर आली. यापेक्षा माझे गुडघे लवकर चालतात.

मी बाईंना सांगितलं होतं, आमच्या घरातलं प्रत्येक बटण मी लावते. दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करते आणि शेवटी दोरा दाताने तोडते. शर्ट आमचा असेल तर माझी थुंकी त्यात असणारच. बाईंनी ते नीट लिहून घेतलं. मला वाटलं, आता काम झालं. पण बाई म्हणाल्या, तुमची वेळ आल्यावर तेही बघू. डब्यात खाऊ नेला, तर प्रकरण चालू असताना तुमच्याकडचं पाणीसुद्धा चालणार नाही म्हणाल्या. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

मग सरकारातून निधीचं बघायला तिघं साहेब येणार असं ठरलं. साहेब येणार म्हटलं की काय करतात? पडदे लावतात, झाडू मारतात. बाईंनी सगळ्यांना बजावलं की एक कपाट हलवायचं नाही आणि स्टूल काढायचं नाही. साहेब आडवे होऊन आले. एकाच्या नडगीला स्टूल लागलं. नडगी चोळत तो बाकावर माझ्या शेजारी टेकला आणि विचारता झाला, आजी, किती दिवस येताय? तारीखवार मला काय कळणार. मी पायातली चप्पल काढून दाखवली. म्हटलं, पोराला पकडलं तेव्हा ही नवी होती. टाचेला भोक पडलेली ती चप्पल त्याने बराच वेळ पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिलं. आता सरकारने पैसे चपलेकडे बघून दिले असं मी म्हणत नाही. बाईंनी अर्ज लिहून लिहून हात मोडून घेतला होता, तो मी पाहिलाय. पण चपलेचंही थोडं श्रेय असू द्या.

निधी यायला आणखी आठ महिने लागले. तेवढ्या काळात पट्टी कशीबशी चौथ्यावर आली होती. आणि आता जे सांगते ते या पोरालाही माहीत नाही. बाळा, थांबू नकोस, लिही पुढे.

पट्टी चौथ्यावर आली त्या आठवड्यात तुरुंगात तुला भेटून आले होते. तू म्हणालास, आजी, आता नको येत जाऊस. सोमवारी बोळात कुणी नव्हतं. मी उठले, चौथ्या कपाटाची पट्टी सोडली आणि नवव्याला बांधली. वेडीच मी. मला वाटलं, पट्टी बघूनच ही माणसं काम करतात. वळले तर मागे बाई. ओरडल्या नाहीत. पट्टी सोडली, पुन्हा चौथ्याला बांधली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"आजी, चौथ्या कपाटातल्या पाकिटालाही आजी आहे. ती लांब राहते, म्हणून तिला इथे येऊन बसता येत नाही, एवढंच."

त्यानंतर मी नववं कपाट मोजायचं सोडलं. जे चालू असेल ते लवकर रिकामं होऊ दे, एवढंच म्हणत बसायची.

मग निधी आला. सात नवी माणसं आली, दोन यंत्रं आली, आपणहून बंद होणारा फ्रिज आला. पाच महिन्यांत पट्टी पाच कपाटं चालली. नवव्यापाशी आली तेव्हा मलाही आत बोलावलं, तोंडातला नमुना द्यायला. जन्मभर मला तोंड बंद ठेव म्हणणारेच भेटले. उघड म्हणणारं हे पहिलंच खातं.

अहवाल कोर्टात उघडला, त्यानंतरच बाईंनी मला सोप्या शब्दांत सांगितलं. कॉलरवरचा घाम माझ्या नातवाचा नाही, बटणाच्या दोऱ्यात माझी थुंकी नाही. पोरगा घरी आला. पुढे तो घाम ज्याचा होता तोही सापडला. आणि तो सापडल्यावर ज्यांची झोप परत आली, ते पहारेकरी आज तिसऱ्या रांगेत बसलेत. आता आमच्याकडे येतात ते, शर्टाची बटणं लावून घ्यायला.

अध्यक्षसाहेब, हा निधी तीन वर्षांचा होता आणि पुढच्या वर्षी संपतो असं ऐकते. आज बोळात दोनच कपाटं उरलीत. तिसरं विकत घ्यायची पाळी आणू नका. माझी चप्पल अजून जपून ठेवली आहे, लागली तर पाठवून देईन.

बोलता बोलता कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर अडाणी म्हातारी म्हणून सोडून द्या. तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचे उपकार. आणि बाई, त्या चौथ्या कपाटातल्या आजीच्या वतीनेही, कारण तिला इथे येणं जमलं नसेल.

आता डबा. निकालानंतर तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातचं खाल्लंत, त्या दिवशीचाच तो. आता कुठला नियम आडवा येत नाही, तेव्हा रिकामा पाठवू नका. या पोराच्याच हाती द्या. खालच्या खणात दुधात शिजवलेला मऊ भात, साखर सढळ हाताने. वरच्यात पिकलेली केळी. कडक काही नको. दात दोनच उरलेत, आणि ते दोऱ्यासाठी राखून ठेवलेत.