पलीकडून येईल गाडी

हॅलो?

हॅलो, कोण?… ताई! अगं, या नंबरवर कशी तू? हा कंट्रोल रूमचा फोन आहे… हो का? मोबाइल पर्समध्येच राहिला बघ माझा. सकाळपासून इथं नुसती धांदल. नेट गेलंय ना… तुझ्याकडेही गेलंय? जाणारच. पुलापाशी रस्ता खणतायत, केबलच तोडली मेल्यांनी.

छे गं, काळजी कसली! उलट आज आमचा दिवस आहे. ज्याच्यासाठी दोन वर्षं डोकेफोड केली ते आज पहिल्यांदा खरोखर चाललंय. नेटचा पत्ता नाही, तरी अँब्युलन्स सुटतायत धडाधड. साहेब स्वतः येऊन पाठ थोपटून गेले माझी. मी म्हटलं, साहेब, अजून… काय?

काय म्हणालीस?

थांब, थांब. एकेक सांग. छातीत दुखतंय… घाम सुटलाय… डावा हात जड झालाय. बरं. शुद्धीवर आहेत ना? बोलतायत?… काय बोलतायत? "उगाच सगळ्यांना त्रास"? मग आहेत शुद्धीवर. भावजी ते भावजीच.

इमर्जन्सीला फोन केलास ना?… शाब्बास. कोणी घेतला? घोगऱ्या आवाजाच्या बाईंनी? अगं, त्या आमच्या काकू. या काय, माझ्या समोर बसल्यात. काय म्हणाल्या? "पलीकडून गाडी येईल, निर्धास्त राहा." बरोबर सांगितलं त्यांनी.

अगं ऐक ना… हो, हो, पलीकडून म्हणजे कालव्यापलीकडून. ऐक. गावात आमच्या दोन कंट्रोल रूम. एक ही, एक पलीकडे. तुझी गल्ली येते बरोबर हद्दीवर. एकाच घरी दोन गाड्या धावू नयेत म्हणून ठरवून ठेवलंय, जिचं नेट जाईल तिनं हद्दीवरचे कॉल दुसरीला द्यायचे. आमचं गेलं, म्हणून मशीननं तुझा कॉल पलीकडे दिला. साध्या एसएमएसनं जातो तो, नेट लागतच नाही. कळलं?… नाही कळलं तरी चालेल. गाडी येतेय एवढं कळलं तरी पुरे.

हो, बघते ना स्क्रीनवर. हा काय… तिसरा मजला, लिफ्ट नाही, छातीत दुखणं. पुढे हिरवी खूण. पलीकडे पोचला. झालं तर मग.

त्यांना भिंतीला टेकवून बसव. शर्टाची बटणं काढ. दार उघडून ठेव, खालचंसुद्धा.

कोण आलंय? शेजारचे काका?… त्यांच्या गाडीतून? नको. नको, ताई. तीन जिने चालवत नेणार का त्यांना? आणि वाटेत काही झालं तर काका काय करणार, हॉर्न वाजवणार? आमच्या गाडीत ऑक्सिजन असतो, सिस्टर असते, स्ट्रेचर असतं… अगं, मी सांगतेय ना! मी लिहिलंय ते सॉफ्टवेअर, दुसऱ्या कुणी नाही. बहिणीवर नाही तर कुणावर विश्वास ठेवणार तू? काकांना म्हणावं, फार आभारी आहोत, तुम्ही जा तुमच्या कामाला.

गेले?… बरं झालं. नाहीतर त्यांचं ते डबडं जिन्याखालीच बंद पडायचं.

हं?… भावजी काय विचारतायत? "ठमीचं मशीन चालतंय का?" अहो भावजी, ठमी काय, इथं सगळे मला मॅडम म्हणतात! सांग त्यांना, चालतंय कसलं, पळतंय म्हणावं.

पाणी नको देऊस. ओठ ओले कर नुसते.

अजून नाही आली?… सायरन पण नाही? तू फोन केलास कधी?… भाजी चिरत होतीस तेव्हा? आणि मग त्यांना आत नेऊन निजवलं, परत उठवलं, कपडे बदलले, काका आले नि गेले… ताई, एवढा वेळ?

काही नाही. काही नाही गं. फोन ठेवू नकोस. मी जरा आत जाऊन बघते… मशीनच्या आत गं. कॉल उघडून बघते, कुठं अडकलाय का ते.

गेला… आला… गेला… आला…

नाही, तुला नाही म्हणाले. वाचतेय मी. गेला… परत आला… परत गेला… हे काय चाललंय?

थांब हं. काकू! ओ काकू! पलीकडच्यांना फोन लावा. साधा फोन हो, तुमच्या मोबाइलवरून लावा, मशीन मरू दे! विचारा, त्यांचं नेट आहे का… हो, नेट! एवढंच विचारा… 

नाही? त्यांचंही नाही? सकाळपासून?

अरे देवा.

ताई, आहे मी. आहे… काकू, लंबू कुठंय? आपला लंबू ड्रायव्हर! लावा त्याला. लावा आधी… कुठं? कालव्याजवळच्या पेट्रोल पंपावर? अहो, तो तर ताईच्या घराच्या मागं आहे! काय करतोय तिथं?… उभा आहे. स्क्रीनवर कॉल नाही म्हणून उभा आहे. त्याला म्हणावं, पळ. पत्ता लिहून घे आणि पळ. खणलेल्या बाजूनं नको, मागच्या गल्लीतून ये म्हणावं.

ताई, गाडी निघाली. आत्ता निघाली… हो, आत्ता. आधी निघालीच नव्हती गं. मी चुकले. आम्ही तुझा कॉल त्यांना दिला, त्यांचं पण नेट गेलेलं, त्यांच्या मशीननं आम्हाला परत दिला. आमच्यानं परत त्यांना. दारात उभं राहून आधी तुम्ही, आधी तुम्ही करतात ना लोक, तसं. दर खेपेला हिरवी खूण. दोघींचं एकदम जाईल हे डोक्यातच आलं नाही गं! केबली वेगळ्या, कंपन्या वेगळ्या. चाचणीला एकदा इकडची काढून बघितली, एकदा तिकडची. दोन्ही पुलाखालच्या एकाच चरातून गेल्यात हे कुणाला…

काय?

ताई, काय झालं?

घरघर कसली? भावजींची?… हाक मार. खांद्याला धरून हलव, जोरात. अगं लागू दे लागलं तर! डोळे उघडतायत?… छाती हलतेय का? छातीकडे बघ… अजिबात नाही?

काकांना हाक मार. गॅलरीतून ओरड… मगाशीच गेले. हो. मीच… बरं. राहू दे. मी सांगते तसं कर. रडायचं नंतर, मीही रडीन तुझ्याबरोबर, आत्ता नाही. फोन स्पीकरवर टाक, खाली ठेव. त्यांना जमिनीवर घे. उताणं. ओढ, पायाला धरून ओढ… घेतलं? गुडघ्यावर बस शेजारी. छातीच्या मधोमध तळहात ठेव. दुसरा त्याच्यावर. कोपर वाकवायचे नाहीत. आता दाब. सगळं वजन टाकून दाब. बॅग बंद होत नाही तेव्हा अंगावर बसतेस ना, तेवढा जोर. दाब आणि सोड.

एक, दोन, तीन, चार… भराभर. माझ्याबरोबर म्हण. एक, दोन, तीन, चार…

कडकन वाजलं? वाजू दे. हाड असेल. थांबू नकोस. एक, दोन, तीन, चार… काकू, कुठं पोचला तो?… एक, दोन… मागच्या गल्लीत ट्रक आडवा? खाली उतरून पळा म्हणावं, पिशवी घेऊन पळा! तीन, चार… ताई, थांबलीस का? हात भरून आले? भरू देत. म्हण माझ्याबरोबर. एक, दोन, तीन, चार…

चालू दे. छान करतेयस. एक, दोन, तीन, चार…

आले? कोण, दोघं? सिस्टर आहे ना बरोबर?… बाजूला हो तू. त्यांना करू दे. बस तिथंच, भिंतीला टेकून बस.

नाही, मी नाही ठेवत फोन.

हं…

हं…

लंबूला दे. फोन दे त्याच्याकडे… लंबू, बोल. माझे भावजी आहेत ते… हो. हं… ठोक्यांचं यंत्र लावलं? काय दाखवतंय?… पुन्हा लाव. अरे, पुन्हा लाव म्हणते ना!… सिस्टरना विचार… 

हं.

किती वेळ गेला ते मला माहितेय, लंबू. मला नको सांगू.

बरं. गाडीत घ्या. डॉक्टर बघतील… हो, कळतंय मला. तरी घ्या. जिन्यात नीट धरा. आणि तिच्याकडे द्या फोन.

ताई.

हो गं… हो… रड. रड तू.

नाही. तुझं काही चुकलं नाही. चांगलं दाबलंस तू, सिस्टर म्हणाल्या लंबूला… काय?

असं नको म्हणूस. "तू होतीस म्हणून धीर आला" असं नको म्हणूस ना, ताई! तुझ्या दारात गाडी होती. माणूस चावी घेऊन उभा होता. तू हो म्हणत होतीस, मी त्याला घालवून दिलं… नाही गं, मशीन बिघडलं नाही. बिघडलं असतं तर कुणीतरी उठून फोन तरी लावला असता. चाललं होतं ते. मी सांगितलं तसंच चाललं होतं, अगदी न चुकता.

शिव्या दे मला. दे ना…

काय, काकू?… कुठले कॉल?… सगळे हद्दीवरचे?

काही नाही, ताई. काकू आहेत… सगळ्यांना "येईल" म्हणून सांगितलंय?… आणि ती पोरगी, दुसऱ्या बाळंतपणाची, पोट दुखतंय म्हणाली होती ती पण त्यातच?… 

ताई. ऐक ना. तुझ्यासारखे आणखी आहेत यात. असेच फिरतायत, इकडून तिकडे. वाट बघत बसलेत लोक. मशीनमधून एकेक हातानं बाहेर काढायला लागणार, आणि ते इथं मला एकटीलाच येतं… हो. मला माहितेय तू एकटी आहेस. माहितेय गं.

येणार ना. येणार. हे संपलं की पळत येते.

त्यांचा चष्मा? कुठं सापडला, पलंगाखाली?… नाही, त्यांच्या खिशात नको घालूस आता. तुझ्याजवळच राहू दे.

ताई, मी ठेवू?… तू ठेव ना. माझ्यानं नाही ठेववत… 

नाही ठेवणार?

बरं. काकू, पहिला पत्ता वाचा.

ठेवते, ताई.