म्हसोबाला बोललेला कोंबडा

बसा, खाली घोंगडं घ्या, भुई गार हाय आन् तुमी दोन जीवाच्या. माझं म्हायेर इस्लामपूरच्या अल्याड आन् मला दिली तासगावच्या पल्याड, तवा मी बारा-तेरा वर्साची आसंन, काय बी कळत न्हवतं. विशीत आले तवर तीन लेकी झाल्या. तिसऱ्या येळंला आमच्या आत्याबाईनी, म्हंजे सासूनं, भाईरनंच इच्यारलं काय झालं, सुईन म्हनली लेक, तर व्हय का म्हनाल्या आन् शेन काढाय गेल्या.

मग मला चौथ्यांदा दीस गेलं. लढाईचा काळ व्हता, राकेल मिळंना, साखर मिळंना, आन् आत्याबाई शिवंवरल्या म्हसोबाम्होरं पदर पसरून बोलून आल्या, नातू दे, तुला कोंबडा देते. बोलल्या त्या, आन् वाढवायचा कुनी? म्या. घरात चार कोंबड्या व्हत्या, त्यातली एक खुडूक बसल्याली, तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, नऊ पिल्लं निघाली, दोन घारीनं न्हेली, एक मुंगसानं. कोंबड्यांत कसं आसतंय बगा, तलंग निघाली की बाया खुश, तलंग म्हंजे वयात येनारी कोंबडी, ती अंडी देती, घराला हातभार लावती, आन् नर निघाला की म्हनायचं आला खानारा. मानसात ह्येच्या उलटं. ह्ये मला तवाच कळलं व्हतं, पन बोलायचं कुनापुढं?

त्या सहा पिल्लांत एकच नर. आत्याबाईनी त्याच्या पायात तांबडा दोरा बांधला, म्हनाल्या ह्यो देवाचा, ह्येला जपायचं. पोरींच्या ताटातल्या जोंधळ्याच्या कन्या त्याला, ताकातला भात त्याला. आन् त्यो मेला काय वाढला म्हंता, लाल तुरा, पायाला काटं, आन् आरवाय लागला तर घसा बसल्यावानी, दिसभर. जात्यावर चढून हागायचा. पीठ दळायच्या आधी मी रोज त्येची घान खरवडायची, आधीच मला वकाऱ्या, त्यात त्यो वास, शी. जिनं पखाखाली घिऊन वाढिवला त्या आयच्याबी अंगावर चढायचा, कोंबड्यांच्या पाठीवरली पिसं उपटून काढल्याली, बिचाऱ्या उघड्या पाठीनं हिंडायच्या. त्येला बगितलं की मला शिसारी यायची.

एक दीस माझी तिसरी, दीड वर्साची, अंगनात भाकरीचा तुकडा खात बसल्याली, तर त्यानं झेप घिऊन डोळ्याखाली चोच मारली. रगात आलं. मी खराटा उगारला तर आत्याबाईनी हात धरला, म्हनाल्या त्याला मारू नगंस, त्यो देवाचा हाय, पोरीला आत कोंडून ठेव. मालक, म्हंजे आमचं घरधनी, तंबाकू मळत बसल्यालं, त्येनी मान सुदीक वर केली न्हाई.

मग मी बाळंत झाले. चौथीबी लेकच. नवस फळला न्हाई म्हंजे फेडायचाबी न्हाई, त्यामुळं कोंबडा तसाच हिंडतोय, दोरा पायात. आन् दोन म्हयन्यांनी घरात कुजबुज सुरू झाली की मालकांचं दुसरं लगीन करायचं. खानापूर अंगाचं पावणं पोर द्याला तयार हायेत म्हनं. तवा सर्रास करायची लोकं दुसरी बायकू. मी चार लेकी घिऊन जानार कुठं? म्हायेरी भाऊच धड खात न्हवता.

पोरीचा बाप बोलनी कराय आला त्या दिशी आत्याबाई म्हनाल्या, कोंबडा कापा. म्या म्हनलं आत्याबाई, त्यो देवाला बोलल्याला हाय. तर म्हनाल्या देवानं काय दिलं? नवी सून नातू दील तवा देवाला दुसरा दिऊ. मालकांनी कापला. पिसं म्या काढली, जाळावर म्या भाजला, वाटान म्या वाटलं, माझ्या सवतीच्या बापासाठनं. आयुष्यात येवढी किळस मला कशाची आली न्हाई.

पावणा मातूर देवभोळा मानूस, गळ्यात देवाचा टाक. जेवाय बसला, दोन घास खाल्लं आन् म्हनला, लय ग्वाड हाय, घरचाच का? आत्याबाई म्हनाल्या व्हय, आमच्या थोरलीनं पाळलाय. थोरली म्हंजे मी, आजून दुसरी आली न्हवती तरबी. परक्या पुरुषाम्होरं कवा बोलले न्हवते, पदर ह्यो इथवर, पन दाराआडनं म्हनलं, व्हय, म्या पाळला, म्हसोबाला बोलल्याला हाय, नवस आजून फिटला न्हाई.

पावण्याचा हात ताटातच ऱ्हायला. तोंडातला घास भाईर काढला, उठला, चूळ भरली, आन् म्हनला, देवाच्या तोंडातलं काढून मला घातलंसा, ह्या घरात माझी पोर कशी नांदंल? पटका उचलून चालाय लागला. आत्याबाई मागं पळाल्या, आवं पावणं, आवं पावणं. आन् आमचं मालक? त्येनी हाड चोखलं, ताट म्होरं केलं आन् म्हनलं, रस्सा हाय का आजून?

आत्याबाईनी मला उलथन्यानं मारलं, त्येचं वाईट वाटलं न्हाई. त्या रश्श्याचं वाटलं. देवाचं खानारं घर म्हनून बाजारभर झालं, पुन्ना पोर द्याला कोन आलं न्हाई. त्या मानसाबरं चाळीस वर्सं काढली, पाया पडले, सेवा केली, सगळं केलं, पन जेवाय वाढताना वर बगितलं न्हाई. मालक गेलं तवा बाया म्हनल्या रड की गं. मला त्ये हाड चोखल्यालंच ऐकू येत व्हतं.

आता चौथीच्याच घरात ऱ्हाते, लेक म्हनलं की शेन काढाय जानाऱ्या आत्याबाईलाबी शेवटी हिनंच घास भरिवलं. परड्यात पाच कोंबड्या हायेत, कोंबडा न्हाई. शेजारीन म्हनती कोंबड्याबिगर कसं गं? म्हनलं, अंडी घालत्यात की, काय अडलंय?

जावा आता, उन्हं उतरली. लेक हू दे न्हाईतर ल्योक, सुखानं मोकळ्या व्हा, औक्ष मोप मिळू दे. पन तुमच्या नावानं कुनी देवाम्होरं कोंबडा बोलाय लागलं, तर तेवढं त्येचं तोंड दाबून धरा.