मोह कुण्या बाजूनं पाडाचा

सुगंधाबाई : भांडन मंग कर, मुखरू. जनमभर कर. पयले घराबाहेर ये.

मुखरू : तिथूनच बोला, वैनी. दरवाजा उघडाच आहे. मले ऐकू येते.

सुगंधाबाई : अरे, वर पाहा जरा. मोहाचं झाड तुझ्या छपराच्या कवेलूवर टेकाले आलं. बुडातून धूर निंगून राह्यला.

मुखरू : धूर मले सकाळपासून दिसून राह्यला. झाड तुमच्या वाटणीचं, आग तुमची. मी का करू?

सुगंधाबाई : आग मीच लावली, मी कुठी नाई म्हनते? फुलं पडाचे दिवस आले, खालचा पाला जाळला. दरसालच जाळते. सांजेले पानी मारून इझवला बी. पन एखांदा इंगळ बुडाच्या ढोलीत गेला असन. त्यानं रातभर अंदरून खाल्लं झाडाले.

मुखरू : अन् मी सांगत होतो तवा? झाड पोकळ झालं, माझ्या घरावर झुकलं, पाडून टाका म्हनून तुमच्या दारात उभा राह्यलो. सोमाजीभाऊ का म्हनला? मोहाची फुलं याच्या डोळ्यात खुपतात. पूर्ण गावासमोर म्हनला.

इसरू : मुखरूभाऊ, मी इसरू. टोल्यावरचा, पलीकडच्या वस्तीतला. बाईनं मले झाड पाडाले बलावलं.

मुखरू : वा! झाड जळाले लागलं तवा कुऱ्हाड आली.

इसरू : आली तं आली. पन मानूस अंदर असला का मी घाव नाई घालत. बाहेर निंगा.

मुखरू : पानी टाक ना ढोलीत.

इसरू : टाकलं. विहिरीवरून बायांनी घागरीमांगं घागरी आनल्या. बुडाची आग इझली, वरची नाई. झाड अंदरून धुराड्यावानी झालं. वर त्या फाट्याजवळ देखा, तिथूनबी धूर येते. खोडाले हात लावा, चटका बसते.

सुगंधाबाई : ऐकलं? आता तरी ये.

मुखरू : वैनी, वच्छला पोरीले घेऊन कुरखेड्याले गेली, तिच्या माहेरी. घरात मी एकटा. मी बाहेर आलो का घर सुनं.

सुगंधाबाई : मंग?

मुखरू : मंग का? मागल्या दिवाळीत आमी दोघं बाजाराले गेलो. परत येतो तं दाराले भाऊचं कुलूप. वाटणी मले मंजूर नाई म्हने! वच्छला पोरीले घेऊन अंगनात बसली, थंडीत. पंच आले तवा कुलूप निंगालं. तवापासून आमी एकजन तरी घरात राह्यतोच.

सुगंधाबाई : तुझे भाऊ घरी नाईत आज. धानाची बैलबंडी घेऊन ब्रह्मपुरीले गेले. सांज होईन याले.

मुखरू : कुलपाले ते कायले पायजेत? चाबी तवाबी तुमच्याच पदराले बांधली होती.

सुगंधाबाई : ...होती.

मुखरू : झालं तं मंग.

सुगंधाबाई : मुखरू, तुझी माय गेली तवा तू रांगत होता. माझ्या मांडीवर जेवला. मी तुले घरातून काढाले तुझ्या डोक्यावर झाड जाळन?

मुखरू : तुमी नाई जाळनार. पन भाऊनं सांगितलं का तुमी गप ऱ्हाता. मले त्याचंच भेव.

इसरू : बाई, बोलनं आटपा. वारा सुटला. नदीकडून येऊन राह्यला, झाडाले घराकडंच लोटते. अंदर कडकड वाजलं, मी ऐकलं.

सुगंधाबाई : इसरू, घराच्या उलट बाजूनं नाई पाडता येत?

इसरू : नाई. झाड झुकलं तिकडंच जाते. पोकळ झाड तं कोनाचंच ऐकत नाई. जोर लावून थोडं आडवं ओढता येईन, तेवढंच.

सुगंधाबाई : आडवं म्हनजे कुठी?

इसरू : तुमच्या गाईच्या कोठ्यावर, बाई. दुसरी जागा नाई.

मुखरू : ऐकलं, वैनी? आता बोला. भाऊनं औंदा नवे कवेलू टाकले कोठ्यावर. सागाच्या बल्ल्या लावल्या. मालगुजाराचं राज गेलं, आता आपन आपले मालक, म्हनून गावभर सांगत फिरला. पाडता त्याच्यावर? माझं घर का भाऊचा कोठा?

सुगंधाबाई : इसरू, कोठ्यात गाय आहे. सोड तिले, पलीकडं चिंचेले बांध. गाभन आहे, हळू ने.

इसरू : सोमाजीभाऊले इचारल्याबिगर?

सुगंधाबाई : ते ब्रह्मपुरीत. झाड त्यायची वाट पाहनार आहे का?

इसरू : कोठा पूरा जाईन बाई. गाईचं तणीसबी दबन. वरून मले सोमाजीभाऊ शिव्या देईन.

सुगंधाबाई : तुले कोनी काई म्हननार नाई. पाला मी जाळला, सांगीनबी मीच. दोर बांध. विहिरीचा जाड नाडा पायजे असन तं अंदर खुटीले आहे. टोल्यावरची मानसं आली ना?

इसरू : उभी हायेत वाडीजवळ. बाई, एक मूठ तांदूळ द्या पयले.

सुगंधाबाई : आता तांदूळ कायले?

इसरू : बुडाशी ठेवतो. कळ्या आलेलं झाड हाय, जितं हाय. पाया पडल्याबिगर घाव नाई घालत आमी.

सुगंधाबाई : घे. सुपातलेच घे. मुखरू, पाह्यलं तू? दोर कोठ्याच्या बाजूनं बांधला. आता तं ये.

मुखरू : दोर बांधला, झाड तं नाई पडलं अजून. पडू द्या. मंग येतो.

इसरू : अन् दोर तुटला तं? मुखरूभाऊ, मी आडवं ओढीन म्हनलो. ओढल्यावर येईनच असं नाई म्हनलो.

मुखरू : तं घरासोबत मी. बाहेर राहून मले घर भेटत नाई, मी एकदा पाह्यलं.

सुगंधाबाई : बरं. नको येऊ.

इसरू : बाई! तुमी कुठी चालल्या? तिकडं नाई, दोराकडं या!

सुगंधाबाई : मी इथी बसते. याच्या दारापुढच्या सपरीत.

मुखरू : वैनी, हा का तमाशा?

सुगंधाबाई : तमाशा नाई. पाय दुखून राह्यले माझे. तुझा भरोसा कुलपावर नाई, चाबीवर नाई, मानसावर नाई. मंग मी बाहेर राहून का करू? तू अंदर बस, मी इथी बसते. इसरू, तू आपलं काम कर.

इसरू : दोन मानसं खाली अन् मी काम करू?

मुखरू : उठा, वैनी.

सुगंधाबाई : वच्छलाले सांगाले कोनी तरी उरलं पायजे, असं वाटते तुले? मले बी वाटते. पन तू ऐकत नाई.

मुखरू : उठा म्हनतो ना!

इसरू : बाई! फाटा गेला वरचा! हटा!

मुखरू : वैनी, हट! हट तिथून! हात दे, हात दे मले... डोक्यावर पदर नको घेऊ, पळ!

इसरू : इकडं! खोडाकडं नाई, इकडं!

सुगंधाबाई : लागलं का तुले? रगत निंगून राह्यलं.

मुखरू : कवेलू लागला. काई नाई. तुमी ठीक आहात ना?

सुगंधाबाई : मी ठीक आहे.

इसरू : पयला फाटाच पडला, झाड उभंच हाय. आता वेळ नाई. मुखरूभाऊ, दोराले हात लावा. सबन मिळून, मी म्हनीन तवाच. मी घाव घालतो.

मुखरू : इसरू, तू बुडाशी नको जाऊ. आता आपोआप पडन.

इसरू : आपोआप पडलं तं तुमच्याच घरावर पडन. दोर ताना! ढिल्ला नका सोडू... ओढा! ओढा रे! कोठ्याकडं, कोठ्याकडं!

(मोहाचं खोड मधातून फाटलं. जरासं घराकडं कललं, दोर तानला तसं हिसका खाऊन फिरलं, अन् कोठ्यावर आडवं झालं. धूळच धूळ झाली.)

सुगंधाबाई : इसरू कुठी आहे? इसरू!

इसरू : हाय, बाई. कुऱ्हाड दबली खाली. मी नाई दबलो.

मुखरू : पानी आना कोनी. ढोली उघडी पडली, इंगळ तणसात जाईन.

इसरू : आनून राह्यले. तुमी बसा, कपाळ बांधा.

सुगंधाबाई : इकडं ये, पदर फाडते. हालू नको. तुझ्या सपरीचा कोपरा गेला, मुखरू. पाह्यलं?

मुखरू : पाह्यलं. तिथीच बसल्या होत्या तुमी.

सुगंधाबाई : कोठा तं पूरा गेला.

मुखरू : हो.

सुगंधाबाई : या एका झाडावर आपलं घर उन्हाळाभर चालत होतं. सासूबाई पहाटी टोपली घेऊन निंगत, मी त्यायच्या मांगं. पाह्य, कशा गच्च कळ्या आल्या होत्या.

मुखरू : मी पाड म्हनलो होतो, वैनी. असं पडावं म्हनलो नोहतो.

सुगंधाबाई : मले मालूम आहे.

इसरू : बाई, गाय ठीक हाय. चिंचेखाली चरून राह्यली. मी टोल्यावर जातो, सकाळी येऊन लाकूड तोडून देईन. इंगळावर रातभर नजर ठेवा.

मुखरू : मी ठेवतो. तू जा.

सुगंधाबाई : मुखरू, बंडी येऊन राह्यली.

मुखरू : हो, तलावाजवळ आली. भाऊ उभा राह्यला बंडीवर. दिसलं त्याले.

सुगंधाबाई : तू घरात जा. मी बोलते. आज गप नाई ऱ्हात मी.

मुखरू : तुमी बोला. मी बी इथीच आहे.

सुगंधाबाई : तुले पाह्यलं का आनखी भडकतीन ते. का सांगशील त्यायले?

मुखरू : अगोदर बैल सोडू लागतो, वैनी. लांबून आले, थकले असतीन. आजच्या रातीले माझ्या उरल्या सपरीत बांधू.