निलंगा ते भोकर, जवळचा रस्ता

अल्गोरिदमच्या तोंडी परीक्षेचं नाव काढू नका, आजबी डोकं फिरतं माझं! बाहेरून आलेल्या सरांनी कागदावर गावं मांडली, मधली अंतरं लिहिली आन् म्हणाले, “निलंगा ते भोकर, सगळ्यात जवळचा रस्ता काढ.”

मी रीतसर गणित करून काढला, उमरीवरून.

“चूक. त्या रस्त्यानं एसटी जात न्हाई.”

“सर, अंतरं तुम्हीच लिहिलीत! एसटीचं कुठं विचारलंत?”

“मला शिकवून राहिला काय?” म्हणत त्यांनी मार्क कापले.

संध्याकाळी आमच्या निलंग्याच्या कॉलेजच्या गेटवर त्याच सरांनी कारची काच खाली केली. “अरे, भोकरला पाव्हण्याकडं जायचंय. जवळचा रस्ता सांग.”

मी म्हणलं, “स्टँडवर थांबा सर. एसटी निघाली की तिच्या मागं मागं जावा.”